करडीला कुठलं ऑइल?

९ जानेवारी, मंगळवार

म्याग्मारदादाचा फोन. "बाबा या पांढऱ्या महिन्यात एक्याऐंशीचे होतायत. सगळी भावकी जमणार. तू येणार ना, दुल्मा?"

मी म्हटलं, गाडी बरी नाही.

खोटं! गाडी ठणठणीत आहे. अंगणात कुत्र्याच्या घराशेजारी उभी आहे, बॉनेटवर वाकळ पांघरून. बरी नाही ती मी.

 दादा म्हणाला, "बाबा काही विचारत नाहीत. पण रोज सकाळी दारात उभे राहतात. रस्त्याकडे बघत." मी म्हटलं, उभं राहिलं की पाय मोकळे होतात, चांगलंच आहे. आणि फोन ठेवला.

कधी कधी माझ्या जिभेला हाड नसतं ते नसतंच.

१० जानेवारी

थंडीचा तिसरा नववा लागला, नऊ नऊ दिवसांचा असतो एकेक. तीन वर्षांच्या बैलाचं शिंग गोठवणारा. सकाळी उणे चौतीस. खिडकीजवळच्या शिलाई मशीनचं तेलसुद्धा दाटलं, चाक फिरेना. मशीन चुलीजवळ ओढून घेतलं. सणाआधी अकरा लांब अस्तरी झगे, अकरा देल शिवून द्यायचेत. सगळ्यांना नवा देल पांढऱ्या महिन्याच्या पहिल्या दिवशीच, म्हणजे नव्या वर्षालाच हवा, आणि सगळ्यांना आठवण होते जानेवारीत!

११ जानेवारी

लिहून टाकते एकदाचं. पाच वर्षं लिहायचं टाळलं.

त्या वर्षी आम्ही तिघं सणाला बाबांकडे गेलो होतो. मी, गाल्सान आणि एनेरेल. एनेरेल तेव्हा नऊ वर्षांची. चौथ्या दिवशी गाल्सानला एकट्याला परत निघायचं होतं, वीजघरात त्याची पाळी होती. आम्ही दोघी मागे राहणार होतो. आदल्या संध्याकाळी बाबांनी आपल्या पेटाऱ्यातून ऑइलचा डबा काढला. जाड ऑइल. बाबांनी चौतीस वर्षं रशियन ट्रक हाकला. म्हाताऱ्या इंजिनाला जाड ऑइलच मानवतं, हे त्यांच्या तोंडी कायमचं. मानाचा निळा रेशमी पट्टा, खादग, हातांवर पसरून, त्यावर डबा ठेवून, दोन्ही हातांनी त्यांनी तो गाल्सानला दिला. सासऱ्याची भेट, तीही पांढऱ्या महिन्यात! कोण जावई नाही म्हणेल? त्यात सकाळी मीच त्याला बजावलेलं — बाबांचा शब्द मोडू नकोस हं, उगाच रुसतील.

मी लोकरी तंबूच्या, गेरच्या दारातून पाहिलं. आमची गाडी करडी आणि बाबांचा ट्रक शेजारी शेजारी, दोघांची बॉनेटं वर. बाबांच्या हातात डबा, गाल्सानच्या हातात नरसाळं. तोंडातून वाफा निघतायत आणि दोघं हसतायत. डोळ्यांनी पाहिलंय मी. बाबा ओतत होते.

सकाळी उणे एकेचाळीस. गाडी निघाली. बावीस किलोमीटरवर, खोंगोरच्या खिंडीत, बंद पडली. तिथे फोन लागत नाही. गाल्सान दुसऱ्या दिवशी सापडला, गाडीपासून सहा किलोमीटरवर, आमच्याच दिशेनं चालत येताना गोठलेला.

गाडीची डिकी उघडी होती. आतलं सगळं सामान बर्फावर ओळीनं मांडून ठेवलेलं — गोठवलेली मेंढी, मांस भरलेल्या बूझच्या पिशव्या, दह्याचे लाडू, सगळं. दादा म्हणाला, थंडीनं माणसाचं डोकं फिरतं, काहीही करतात. जिल्ह्याच्या गावी ज्यानं इंजिन उघडलं तो म्हणाला, जाम झालंय. ऑइल वर पोचलंच नाही.

पोचेल कसं! चरबीसारखं थिजलेलं ऑइल!

बाबांना मी एका शब्दानं बोलले नाही. फक्त जाणं बंद केलं.

१२ जानेवारी

काल लिहिलं आणि आज एका देलची कॉलर उलटी लावली. उसवली.

१४ जानेवारी

एनेरेलनं ऐकलं होतं फोनवरचं. कान आहेत की काय! जेवताना म्हणाली, "आजोबा परत एक्याऐंशीचे होणार नाहीत, आई."

"माहीत आहे."

"तू येत नसशील तर मी बसनं जाते. चौदा वर्षांची आहे मी."

"बस जिल्ह्याच्या गावापर्यंत जाते. पुढचे चाळीस किलोमीटर काय उडत जाशील?"

"चालत जाईन."

चालत! तिनं तो शब्द मुद्दाम वापरला की तोंडातून गेला, कळलं नाही. तिलाही कळलं नसावं, कारण लगेच रडायला लागली. मग मीही. भात गार झाला.

रात्री सांगून टाकलं, जाऊ. पण गाडीत ऑइल माझ्या मनाचं पडेल. त्या रस्त्यावर माझी मुलगी माझ्या शेजारी बसणार आहे. कोणाच्या भेटीबिटीला मी भीक घालणार नाही.

१६ जानेवारी

खुयागच्या गॅरेजात गेले. पाच वर्षांपूर्वी करडीत दुसरं इंजिन बसवलं ते यानंच. शरीर जुनं, काळीज दुसऱ्या गाडीचं, आणि तेही म्हातारंच. लोकांनी तेव्हा मला वेड्यात काढलं — ज्या गाडीनं नवरा खाल्ला ती विकून टाक म्हणून. पण गाल्सान तिला घोडीसारखा वागवायचा. करडी नाव त्याचंच. विकवेना.

खुयागनं बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी उपसली, बोटानं पुसली, वास घेतला. "ताई, तीन लाखांवर फिरलंय हे इंजिन. तुम्ही घालता कुठलं?"

"तू मागच्या वेळी घातलेलं."

"मी पातळ घातलं होतं, शहरातल्या शहरात फिरता म्हणून. लांब जाणार असाल तर विचार करावा लागेल. पातळ ऑइल थंडीत झटक्यात वर चढतं, पण इंजिन झिजलेलं, तापलं की ते पिऊन टाकतं. दर शंभर किलोमीटरला घोट घोट."

"मग जाड घाल."

"जाड घातलं तर पीत नाही. पण सकाळी उणे चाळीस असलं की वर चढत नाही."

"म्हणजे इकडे आड तिकडे विहीर!"

हसला. मग डब्यावरचे आकडे दाखवले. "हा पहिला आकडा थंडीचा. जितका लहान तितकं गारठ्यात पातळ. हा दुसरा, इंजिन तापल्यावरचा. म्हाताऱ्या इंजिनाला तो जरा मोठा हवा. लोक एकच आकडा बघतात आणि भांडत बसतात."

मी वहीत लिहून घेतलं. जाता जाता म्हणाला, "आणि ताई, चुकीच्या ऑइलनं मरतात त्यापेक्षा जास्त इंजिनं ऑइल संपल्यानं मरतात. वाटेत पट्टी बघा. जादा डबा जवळ ठेवा."

गाल्सानही हेच म्हणायचा. शब्द न् शब्द हेच.

१८ जानेवारी

गल्लीत बातमी फुटली की दुल्मा ऑइल शोधतेय. झालं! प्रत्येक कुंपणामागे एक पंडित.

शेजारचा पुरेव टॅक्सी चालवतो. म्हणाला, "म्हाताऱ्याला जाड पांघरूण लागतं, वहिनी. जाडच घाला." मी विचारलं, तुमच्या टॅक्सीत कुठलं आहे? "माझ्यात? पातळ. माझी रात्रभर चालूच असते." मग सल्ला कशाला देता हो?

सुटे भाग विकणारा म्हणे, वर एक बाटली औषध टाका, इंजिन तरुण होतं. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर एक केस नाही.

देल न्यायला आलेल्या बाईचा नवरा म्हणाला, बाईमाणसानं हिवाळ्यात त्या रस्त्याला जाऊच नये. त्याच्या देलची मागची शिवण घट्ट घातलीय मी. वाकला की कळेल.

ऐकावं जनाचं. पण मन काय सांगतंय तेच कळत नाही.

२० जानेवारी

खुयागकडून दोन बाटल्यांत नमुने आणले होते, एक जाड, एक पातळ. काल झोपताना पायरीवर ठेवले. सकाळी उणे सदतीस. एनेरेलनं दोन्ही बाटल्या आडव्या केल्या.

पातळ सावकाश सरकलं. जाड हललंच नाही. एनेरेलनं बाटली उलटी धरली, झटकली, तरी तळाला चिकटून राहिलं, थिजलेल्या तुपासारखं.

"आई," ती म्हणाली, "माझ्या बाबांच्या गाडीत हेच होतं?"

मी हो म्हटलं. ती बाटली पायरीवर ठेवून आत गेली. मी तिथेच उभी राहिले. इतका राग आला माझ्या बाबांचा, इतका — बाटली उचलून कुंपणावर फोडावीशी वाटली. चौतीस वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाला हे कळलं नाही? की कळत होतं आणि आपलंच खरं करायचं होतं?

२३ जानेवारी

बाबांचा फोन! स्वतः. पाच वर्षांत पहिल्यांदा. दादानं लावून हातात दिला असणार.

"दुल्मा, येतेयस असं कळलं."

"हो."

"कुठलं ऑइल घातलंयस?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. 

"जे घालशील ते घाल, पोरी. फक्त जादा डबा बरोबर घे. विसरू नकोस. डबा घे."

फोन बंद केला. तोंडावर! वडिलांच्या तोंडावर फोन बंद केला मी. आईनं पाहिलं असतं तर थोबाड रंगवलं असतं. पण त्यांनी? त्यांनी मला ऑइलबद्दल सांगायचं? जगात बाकी कोणीही सांगावं. त्या माणसानं नाही.

२४ जानेवारी

खोकला येत होता बाबांना. आज आठवलं.

२७ जानेवारी

ठरलं. खुयागनं मागवून दिलं. पहिला आकडा शून्य, दुसरा चाळीस. गारठ्यात पातळ, तापल्यावर जाड. "दोन्ही म्हाताऱ्यांची समजूत काढणारं," म्हणाला. महाग आहे. दोन देलांची शिलाई गेली. जाऊ दे.

पाचवा नववा आज लागला. शिजवलेला भात आता गोठत नाही म्हणतात. पायरीवर ठेवून पाहिला. गोठला!

२ फेब्रुवारी

बाबांचा देल कापायला घेतला. समारंभाचा. तपकिरी रेशीम, आतून कोकराचं कातडं. घ्यायचा नाही असं दहादा ठरवलं आणि घेतला. एक्याऐंशीच्या माणसाला लेकीनं देल शिवला नाही तर भावकी काय म्हणेल — मनाची अशी समजूत घातली. माप पाच वर्षांपूर्वीचं, वहीत होतं. छाती, बाही, उंची. कात्री चालवताना कळलं की मला ते माप वहीत न बघताही पाठ आहे.

७ फेब्रुवारी

जुनं ऑइल काढलं, नवं घातलं. मी गाडीखाली वाकून शेवटचा थेंब गळेपर्यंत पाहिलं. खुयाग म्हणाला, "ताई, इतकं बारकाईनं तर डॉक्टर बघत नाहीत." पट्टी तीनदा पाहिली. बरोबर दोन खुणांच्या मध्ये. जादा डबा घेतला, चार लिटरचा.

८ फेब्रुवारी

सामान भरलं. सहाशे बूझ गोठवून पिशव्यांत. दुधाची साय, सुकं दही, पांढरी मिठाई, बाबांचा देल. डिकी गच्च.

एनेरेल ऑइलचा डबा डिकीत ठेवायला निघाली होती, तिच्यावर खेकसले. पांढऱ्या पदार्थांजवळ काळं ऑइल? पांढऱ्या महिन्यात? आईनं लहानपणापासून हातावर मारून शिकवलंय, सणाच्या पांढऱ्याशेजारी काळं ठेवायचं नाही, वर्ष काळं जातं. "तुझ्या पायाशी घे," म्हटलं.

"पायाशी वास येतो."

"येऊ दे."

कुरकुरत घेतला.

९ फेब्रुवारी, वर्षाचा शेवटचा दिवस

पोचलो. पोचलो!

पहाटे पुरेवच्या आईनं चारही चाकांवर दूध शिंपडलं. उणे पस्तीस. किल्ली फिरवली. करडी एकदा कण्हली आणि सुरू! वरची टकटक दोन क्षणांत थांबली. ऑइल पोचलं. मी रडले. एनेरेल म्हणाली, "अजून फाटकाबाहेरही पडलो नाही, आई."

दर शंभर किलोमीटरला थांबून पट्टी पाहिली. दोनदा थोडं थोडं ऑइल घातलं. पितेच, म्हातारी. पण कमी.

खोंगोरची खिंड चार वाजता आली. थांबायचं नाही असं ठरवलं होतं. थांबले. दादानं तिथे दगड रचलेत, वर निळा खादग बांधलाय, वाऱ्यानं चिंध्या झालेला. एनेरेलनं आपला नवा बांधला. इंजिन चालूच ठेवलं होतं मी. त्या आवाजाकडे माझा एक कान होता, बाकी सगळी मी त्या दगडांपाशी. सगळं सामान ओळीनं मांडलेलं इथेच होतं. त्यानं कशाला मांडलं असेल असं? काय वाटलं असेल त्याला? पाच वर्षं हाच प्रश्न.

बाबा दारात उभे होते. इतके लहान! कोणी आटवलं त्यांना? मला काही म्हणाले नाहीत. गाडीपाशी गेले, वाकले, बॉनेटला हात लावून ऊब पाहिली.

"डबा आणलास?"

"आणला," मी म्हटलं. "आणि ऑइल पातळ घातलंय. माझ्या मनाचं."

"बरं केलंस," म्हणाले. एवढंच.

१० फेब्रुवारी, पांढऱ्या महिन्याचा पहिला दिवस

सकाळी सगळ्यांनी ओळीनं बाबांना अभिवादन केलं. लहानानं मोठ्याच्या कोपरांखाली हात धरायचे, गालाला गाल लावायचा. माझी पाळी आली. हात पुढे केले. बाबांचे कोपर माझ्या तळव्यांवर आले आणि त्यांना वजनच नव्हतं. सुईदोऱ्याच्या डब्यात जास्त वजन असतं. "सुखी आहेस ना?" त्यांनी विचारलं. रिवाजाचं वाक्य. मी रिवाजाचं उत्तर दिलं, "सुखी आहे. तुम्ही सुखी आहात ना?" गाल जरा जास्त वेळ लावून ठेवला, ते रिवाजाबाहेरचं.

देल त्यांना ढगळ झाला. खांदे दोन बोटं खाली उतरले, बाह्या हातांवर आल्या. भावकीतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या — राजधानीतली शिंपीण आणि बापाचं माप चुकलं! बाबा म्हणाले, "ढगळच हवा. आत अजून एक म्हातारा मावेल." सगळे हसले. मी बाहेर जाऊन आले.

११ फेब्रुवारी

आज बोलले.

सगळे शेजारच्या गेरमध्ये गेले होते. बाबा आणि मी, मध्ये चूल. ते तपकिरीची कुपी हातात फिरवत होते. मी चहा ओतला आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "बाबा, ते जाड ऑइल तुम्ही करडीत ओतलंत."

कुपी थांबली.

"उणे चाळीसला ते हलत नाही, बाबा. मी बाटलीत ठेवून पाहिलंय. तुम्हाला ठाऊक असायला हवं होतं. तुम्ही ड्रायव्हर होता!"

मी तयारीत होते. बाबा आयुष्यात कोणाचं ऐकून घेणारे नव्हेत. आईशी मिठावरून तास तास भांडायचे. आता म्हणतील, तुला काय कळतं, रशियन ट्रक, चौतीस वर्षं.

म्हणाले, "हो, पोरी."

"हो काय?"

"मी ओतलं. माझंच चुकलं. माझ्यामुळे गेला तो." आणि माझ्याकडे सरळ बघून पुन्हा, "माझ्यामुळे. दुसऱ्या कोणामुळे नाही. हे डोक्यात पक्कं ठेव."

मी इतकी रडले की एनेरेल धावत आली. बाबांनी तिला हातानंच बाहेर जायला सांगितलं. मग कधीतरी मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं, त्या ढगळ देलवर. म्हटलं, बाबा, माझा राग गेला. खरंच गेला. म्हाताऱ्या माणसाची चूक, किती वर्षं धरून ठेवायची? त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि केस हुंगले, लहानपणी हुंगायचे तसे.

माफ केलं मी त्यांना. पाच वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

१२ फेब्रुवारी

काही कळेनासं झालंय. जसं झालं तसं लिहिते.

दुपारी दादा बाबांच्या जुन्या ट्रकला खालून शेगडी लावून तापवत होता. मी जवळ उभी. मन हलकं होतं, म्हणून सहज म्हटलं, बाबांनी कबूल केलं काल. त्या ऑइलचं.

"कुठल्या ऑइलचं?"

"गाल्सानला दिलेल्या. करडीत ओतलेल्या."

दादा ट्रकखालून बाहेर आला. तोंडाला काजळी. "करडीत? ते करडीत कुठे ओतलं? ते या ट्रकच्या पोटात गेलं!" ट्रकच्या चाकावर थाप मारली. "मी होतो की तिथे, पलीकडच्या अंगाला. गाल्सान म्हणाला, 'सासरेबुवा, भेट मी दोन्ही हातांनी घेतली. आता ती माझी. आणि माझी वस्तू मी तुमच्या ट्रकला देतो, माझ्या करडीला हे पचायचं नाही.' बाबा आधी चिडले, मग असे हसले! दोघांनी मिळून ओतलं. मे महिन्यापर्यंत त्याच ऑइलवर चालला हा."

मी पाहिलं होतं, मी म्हटलं. दारातून.

"दारातून काय दिसतंय! दोन्ही बॉनेटं उघडी होती."

"मग करडीत काय होतं?"

"त्याचंच नेहमीचं. पातळ. प्यायची ना ती, सतत घालावं लागायचं." दादानं हात पुसले. "तुला कोण म्हणालं बाबांनी ओतलं?"

"बाबाच म्हणाले."

दादा माझ्याकडे बघतच राहिला. मग परत ट्रकखाली शिरला. खालून म्हणाला, "मला नाही माहीत, दुल्मा. खरंच नाही माहीत."

बाबा खोटं का बोलले? न केलेली चूक कोण आपल्या अंगावर घेतं? पाच वर्षं मी गेले नाही, तेव्हा एकदा फोन करून म्हणायचं, पोरी, मी नाही ओतलं. एक वाक्य! आणि ऑइल पातळच होतं तर इंजिन जाम कशानं झालं? सतत घालावं लागायचं हे गाल्सानला माहीत होतं. जादा डब्याशिवाय तो कधी फाटकाबाहेर पडायचा नाही.

उद्या सकाळी निघायचं.

१३ फेब्रुवारी

चुलीला गोवऱ्या आणायला गेले, गोठ्यामागच्या ढिगाशी. भिंतीच्या कोपऱ्यात लोकरीचा जुना नमदा नीट घडी करून कशावर तरी पांघरलेला. उचलला. खाली डबा. सील न फोडलेलं. वर गाल्सानचं अक्षर — करडीचं, वाटेसाठी.

तो डबा तिथे मीच ठेवला होता. त्या संध्याकाळी डिकी मी भरली. मेंढी, बूझ, दही, त्याच्या आईसाठी. पांढऱ्याशेजारी काळं नको म्हणून डबा काढून कोपऱ्यात ठेवला आणि त्याला सांगायचं राहिलं. खिंडीत तो वेडा झाला नव्हता. चढावर करडीनं उरलंसुरलं ऑइल पिऊन टाकलं, आणि तो एकेक वस्तू बाहेर काढून डबा शोधत होता.

आणि नमदा बाबांचा. ट्रकच्या बॉनेटवर असायचा तो. त्यांना डबा त्याच वसंतात सापडला असणार, आणि तो कोणी ठेवला तेही कळलं असणार.

डबा उचलून गाडीपाशी आणला. डिकी उघडली; परतीसाठी दादानं दिलेलं सुकं दही, मिठाई आत भरलेली. बाबा दारात उभे होते, ढगळ देलमध्ये. त्यांनी पाहिलं माझ्या हातात काय आहे ते.  डबा मी पांढऱ्या पदार्थांच्या मधोमध ठेवला.

आज निघाले नाही. बाबांपाशी राहिले.